दप्तरावरची जकात

न्यू जर्सी,
३ जानेवारी २०२४

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आयातीवरच्या जकातीची सवलत संपली तर बरंच की, तिथल्या कारखानदाराचं भलं होईल." तेवढ्यात आईचं दूध उतू गेलं आणि बोलणं तिथंच राहिलं. म्हणून लिहिते.

आमची कंपनी म्हणजे बारा माणसं. शाळेची दप्तरं बाहेरून आणायची आणि इथल्या दुकानांना घालायची. आधी माल चीनमधून यायचा. २०१८ मध्ये चिनी मालावर जादा कर बसला, पुढच्या वर्षी तो २५ टक्क्यांवर गेला, तेव्हा मालकीणबाईंनी सगळं काम कंबोडियाला हलवलं. गरीब देशांच्या कितीतरी वस्तू अमेरिका १९७६ पासून बिनजकात आत घ्यायची आणि दप्तरं त्या यादीत होती. ती योजना ३१ डिसेंबर २०२० ला संपली. कुणी रद्द केली नाही हो, इथल्या संसदेनं मुदतच वाढवली नाही. परवा तीन वर्षं झाली.

नायलॉनच्या दप्तरावर जकात १७.६ टक्के. दहा हजार डॉलरचा माल उतरला की १,७६० डॉलर सरकारला मोजायचे, आणि ते कंबोडियावाला मोजत नाही, आम्ही मोजतो. भलं कुणाचं झालं म्हणाल, तर असली दप्तरं शिवणारे इथं फारसे उरलेलेच नाहीत. उलट चीनचा माल आणि कंबोडियाचा माल यांच्या दरातलं अंतर कमी झालं, म्हणून ओळखीचा एक व्यापारी परत चीनकडं गेला!

जकात एकवेळ परवडली, पण ही वाट बघणं नको. २०१३ मध्येही योजना अशीच संपली होती. २०१५ ला पुन्हा सुरू झाली तेव्हा मधल्या काळातली जकात परत मिळाली. तसंच पुन्हा होईल या आशेनं, जकातीचे कागद बघणारा आमचा एजंट अजून त्यांवर सवलतीचं 'ए' अक्षर घालतो आणि जकातही भरतो. तुमचा जीएसटीचा परतावा अडकला होता तसंच हे. वहीत येणं दिसायचं, गल्ल्यात खडखडाट, आणि उद्यमनगरातल्या तुमच्या कामावरच्या पोरांचा दिवाळी बोनस आईच्या भिशीतनं गेला. इथं भिशी नाही, बँकेचं व्याज आहे. दोघांना कामावरून कमी केलं, म्हणजे बारा होतो ते आता दहा.

फोनवर एक सांगितलं नव्हतं. ५ जून २०१९ ला भारताला त्याच सवलतीतून काढलं, तेव्हा शिरोलीच्या काकांना त्यांच्या अमेरिकन गिऱ्हाइकानं कास्टिंगचा दर पाडायला लावला होता. तुम्ही आठवडाभर त्या माणसाला शिव्या घालत होता. मागच्या महिन्यात तसलंच पत्र मी कंबोडियाला टाईप केलं. पाच टक्के मागितले, तीन मिळाले. तिथल्या बाईंनी खाली नाताळच्या शुभेच्छाही लिहिल्या होत्या.

आई, चटणी पाठवशील तर दोन पिशव्यांत बांध, मागच्या वेळी तेल सुटलं होतं. बाबा, गुडघा डॉक्टरांना दाखवून या. काकांना नमस्कार सांगा, पण हे पत्राचं सांगू नका.

तुमची,
बारकी