पहिल्या वाक्यातच सांग

कराड,
रविवार

चि. संदीप यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडलास आणि मी ओरडलो. दोन्हीचा काही उपयोग झाला नाही, म्हणून लिहितोय. सूनबाईने पाठवलेले कागद ताईच्या पोराकडून दोनदा वाचून घेतले. गच्चीवर बसून, आईच्या नकळत.

पाठ दुखते, झोप लागत नाही म्हणून गांजाची गोळी खाल्लीस. कॅलिफोर्नियात ती दुकानात पावतीवर मिळते, हे खरं. पण ट्रकवाल्याची नशेची तपासणी केंद्राच्या नियमाने होते आणि केंद्राला गांजा चालत नाही, त्या टेस्टमध्ये तू सापडलास. झालं ते झालं, तो विषय मी इथेच सोडतो.

तुझा तो मित्र दुसऱ्या राज्यातून लायसन्स काढ म्हणतोय, त्याच्या नादी लागू नकोस. क्लिअरिंगहाऊसची वही, म्हणजे नशेच्या टेस्टमध्ये सापडलेल्या ट्रकवाल्यांची केंद्राची नोंद, २०२० पासून अख्ख्या देशाची एकच आहे. तिच्यात नाव लागलं की नोव्हेंबर २०२४ पासून राज्य सरकार ट्रकचं लायसन्सच काढून घेतं. नोंद पाच वर्षं तरी राहणार. कामावर घेण्याआधी मालकाला ती वही बघावीच लागते आणि बघायला परवानगी तूच द्यायची असते. मग लपवणार कुठे?

सॅपकडे, म्हणजे टेस्टमध्ये सापडलेल्याला तपासून उपचार ठरवणाऱ्या त्या तज्ज्ञाकडे, गेलास ते बरं केलंस. त्याचं मत पटलं नाही म्हणून दुसऱ्याकडे जाता येत नाही, तेव्हा तो सांगेल ते वर्ग, ते उपचार मुकाट्याने पुरे कर. खरी गाठ पुढे आहे. त्याने होकार दिला तरी परतीची टेस्ट, म्हणजे पुन्हा ट्रकवर बसण्याआधीची, तुला आपली आपण देता येत नाही, कुणीतरी मालकाने पाठवावं लागतं. म्हणजे नोकरीसाठी टेस्ट आणि टेस्टसाठी मालक! शिवाय पुढच्या बारा महिन्यांत कमीत कमी सहा वेळा न सांगता टेस्टला बोलावणार, तेही लघवी देताना समोर माणूस उभा करून. एवढा व्याप अंगावर घेणारा मालक कॉम्प्युटरवर फॉर्म भरून सापडायचा नाही.

आता एक सांगतो, जे तुला कधी सांगितलं नाही. १९९४ साली मुक्कामाची एसटी घेऊन गेलो होतो. थंडी होती, घेतली. पहाटेच्या ट्रिपला तपासणीस मध्येच गाडीत चढला आणि त्याला वास आला. निलंबन. घरी बोललो नाही. रोज खाकी घालून, डबा घेऊन निघायचो आणि प्रीतिसंगमावर बसून डबा खाऊन परत यायचो. तिसऱ्या आठवड्यात आईला गिरणीत कळलं. कंडक्टरच्या बायकोने सहज विचारलं, भावजी परत कधी रुजू होणार? पिठाचा डबा घेऊन घरी आली, काही बोलली नाही. संध्याकाळी माझी खाकी धुतली, दुसऱ्या दिवशी इस्त्री केली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली तिच्या कमरेला.

मग उसाच्या ट्रॅक्टरवर काम शोधायला गेलो. दोन ठिकाणी खोटं बोललो, दोन्हीकडे आधीच कळलेलं होतं. तिसऱ्याला पहिल्या वाक्यातच सांगितलं, दारू पिऊन गाडी चालवली म्हणून घरी बसलोय. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, रात्रीची खेप देणार नाही. दिवसाची दिली.

मागच्या खेपेला तू मला स्टॉकटनच्या गुरुद्वारात नेलं होतंस, १९१२ सालच्या. लंगरात आपल्या शेजारी ते दोघे सरदारजी बसले होते, पाच-सात ट्रकचे मालक. (त्यातल्या एकाने मला तिसऱ्यांदा डाळ वाढायला लावली, मी अजून विसरलो नाही.) तिथे जा. सॅपचा कागद खिशात असू दे. गोळीचं, टेस्टचं आधी सांग आणि मगच विचार, परतीच्या टेस्टला पाठवाल का. नाही म्हणतील. पुढच्या रविवारी दुसऱ्याला विचार.

तोवर सव्वीस हजार पौंडांच्या आतली डिलिव्हरीची गाडी तुझ्या साध्या लायसन्सवर चालते, ती बघ. यार्डात फोर्कलिफ्टचं काम मिळालं तरी घे. हप्ते थांबत नाहीत.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तूच सांगायचंस. बुधवारी ती दळण घेऊन जाणार आहे, त्याच्या आत फोन कर.

तुझे,
आप्पा