आईचे दीडशे रोज

मँचेस्टर
६ एप्रिल २०२६

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार. आबाजींनाही सांगा.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्ध्यातच राहिलं. बाबांनी विचारलं, "मंग सीए कधी होशील थे सांग," अन् नेमका टॉवर गेला. एका अर्थी बरंच झालं. पैशाची गोष्ट फोनवर निघाली की आपल्या घरी आवाज चढतो आणि आई मध्येच भाजीचं विचारून विषय बदलते. म्हणून या वेळी लिहून पाठवते. दादा वरुडला गेला की छापून आणेल. आबाजींसाठी अक्षर मोठं काढायला सांगा.

आज इथे ईस्टरची सुट्टी, मी काम करते ते दुकानही बंद. आणि आजच, ६ एप्रिलला, इंग्रजांचं करवर्ष सुरू होतं. आपलं १ एप्रिल समजू शकतं, हे ६ कुठून काढलं? तर पूर्वी यांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, त्यात ११ दिवस गाळले गेले. सरकारला कर मात्र पुऱ्या वर्षाचा हवा, म्हणून वर्ष तेवढं पुढे सरकवलं, आणि १८०० साली आणखी एक दिवस. आबाजी सालदाराचं साल पाडव्यापासून धरतात, ते मला आता जास्त सरळ वाटतं.

बाबांच्या प्रश्नाकडे येते, पण आधी आपल्या संत्र्याच्या बगीच्याचं.

या सत्रात आम्हाला शेतीचे हिशेब आहेत. आंतरराष्ट्रीय लेखामानकं म्हणून नियमांचा संच असतो, त्यातलं ४१ नंबरचं शेतीचं. त्यात जिवंत मालाची किंमत धरायची ती आपण घातलेल्या पैशाची नाही. आज बाजारात काय येईल ती धरायची आणि त्यातून अडत-दलाली वजा करायची. वर्गात बाकीचे डोकं खाजवत होते आणि मला आपला व्यापारी दिसत होता. दसऱ्याच्या आधी येतो, चपला हातात घेऊन चार ओळी चिखलातून फिरतो, दोन झाडांखाली खर्रा चघळत वर बघत उभा राहतो आणि म्हणतो, "बगीचा तीन-चाळीसमध्ये द्या," म्हणजे तीन लाख चाळीस हजारांत. फळ हिरवं, झाडावरच, मोजलेलं नाही की तोललेलं नाही, तरी किंमत झाली. हेच ते ४१ नंबर. फक्त बयाना दिल्यावर फळगळीचं निमित्त काढून तो वीस हजार कापतो, किंवा बांगलादेशाने शुल्क वाढवलं म्हणून तोंड वाकडं करतो, ते मानकात लिहिलेलं नाही.

झाडाचं मात्र वेगळं. आधी झाडही बाजारभावानेच धरायचे. २०१४ मध्ये नियम बदलला आणि २०१६ पासून लागू झाला. जे झाड वर्षानुवर्षं फळ देतं आणि स्वतः विकलं जात नाही, ते यंत्रासारखं धरायचं. म्हणजे आपलं संत्र्याचं झाड आणि फवारणीचा पंप एका रांगेत! झाड फळावर येईपर्यंत जो खर्च झाला ती त्याची किंमत, पुढे दरवर्षी त्यावर घसारा, म्हणजे झिजेपोटी किंमत थोडी थोडी कमी करायची. केनियाची एक मैत्रीण आहे, तिच्या घरी चहाचा मळा. चहाचं झुडूपही याच रांगेत. कपाशीची पऱ्हाटी नाही, ती एका हंगामाची, उपटली की चुलीत. बैलजोडी कशात धरायची असं मी विचारलं तर सरांनी ते पुढच्या तासावर ढकललं. पुढचा तास होऊन गेला, बैल अजून तसेच उभे आहेत.

तर असाइनमेंट अशी, की एखादी खरी बाग घ्या आणि झाडं फळावर येईपर्यंतची किंमत काढा. मी आपलीच घेतली. दादाने बाबांच्या २०१२ च्या वहीचे फोटो पाठवले होते. शेंदूरजना घाटची कलमं २३०, दर २५. खड्डे खोदाई. शेणखत ४ ट्रॉली. बोअर, मोटर, केबल. गाडीभाडं. एका ओळीत "मजूर चहा ४०" सुद्धा आहे. बाबा, खरंच सांगते, अशी वही इथे कित्येक दुकानदारांकडे नसते.

सगळं उतरवून घेतलं आणि पाण्याची ओळ शोधायला लागले. सापडेना. ठिबक आपण २०१७ मध्ये टाकलं. मग आधीची पाच वर्षं? लाईट असेल तेव्हा, बरेचदा रात्रीची, नळी धरून आळ्याआळ्यात पाणी सोडलं ते आईने. मजुराचा चहा वहीत आहे, आई नाही. तिला फोनवर विचारलं तर म्हणते, "म्या काय केलं, नळीच त धरली."

मी हिशेब केला. पाच उन्हाळे, एकेका उन्हाळ्याचे १२० दिवस, दिवसाला दोन तास. आई, हे कमीच धरलंय. झाले १,२०० तास. आठ तासांचा एक रोज, म्हणजे १५० रोज. तेव्हाची बाईची मजुरी १५० रुपये धरली तर २२,५०० रुपये. सगळी कलमं मिळून ५,७५० ची होती.

सरांना दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पैसे दिले का?" नाही. मग नोंद नाही. नियमाने ते बरोबरच आहेत, जिथे व्यवहार नाही तिथे नोंद नाही, हे मलाही पाठ आहे. मी त्यांना आपल्याकडच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाचं सांगितलं. तो आयोग पिकाचा खर्च वेगवेगळ्या तऱ्हेने मांडतो. ए-२ म्हणजे खिशातून गेलेलं, बियाणं, खत, फवारणी, बाहेरची मजुरी. त्यात घरच्या माणसांची मेहनत धरली की ए-२ अधिक एफएल. त्याही वर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-२. सरकार दीडपट हमीभाव म्हणतं ती या मधल्या आकड्याची दीडपट, आणि शेतकरी संघटना मागतात ती सी-२ ची. पारावर बाबा आणि सरपंच ज्यावरून तासभर भांडतात ते हेच, की खर्चाच्या वहीत कोणत्या ओळी घ्यायच्या. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० होता, त्यात घरच्या बाईची वेचणी निदान कागदावर तरी आहे. संत्र्याला हमीभावच नाही, त्यामुळे तिथे आईला कोणी विचारतच नाही. सरांनी हे वहीत टिपून घेतलं आणि म्हणाले, आकड्यात धरता येत नसेल तर खाली टीप लिही.

कापसावरून आठवलं. इथे भर शहरात रॉयल एक्स्चेंज म्हणून अजस्र इमारत आहे. एके काळी कापसाचे व्यवहार तिथे व्हायचे, आता आत नाटकं होतात. वर भिंतीला भावफलक आहे, त्यावर बाजार बंद झाला त्या शेवटच्या दिवसाचे, १९६८ चे भाव तसेच ठेवलेत. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटून तिकडचा कापूस अडला, तेव्हा इथल्या गिरण्यांनी आपल्या वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. १८७० मध्ये खामगावला रेल्वे गेली तीही कापसासाठीच. मी मोठ्या कौतुकाने आबाजींना फोटो पाठवला. त्यांचा पहिला प्रश्न, "भाव क्विंटलचा का खंडीचा?" मला सांगता आलं नाही.

दुकानाचं काम ठीक चाललंय. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर करता येत नाही, आणि मी करत नाही. मागच्या महिन्यात गल्ल्यात २७ पौंड कमी आले, आपले तीन हजारांवर. मालकाने माझ्याकडे पाहिलं. फरकाला ९ ने भाग गेला की आकडे उलटे पडल्याचा संशय घ्यायचा, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी शिकलेलं. वीस मिनिटं पावत्या चाळल्या. ५८ च्या जागी ८५ लिहिलं होतं, मालकाच्याच अक्षरात. तो काही बोलला नाही, पण त्या दिवशी चहा त्याने केला.

आता बाबांचा प्रश्न. बाबा, मी सीए होणार नाहीये. तुम्ही गावात सांगून ठेवलंय हे मला माहीत आहे. काकूने "सीए मॅडम" म्हणून मेसेज केला तेव्हाच मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. मी करते ती एसीसीए, म्हणजे इथल्या ब्रिटनच्या लेखापाल संस्थेची परीक्षा. एकूण १३ पेपर, पास व्हायला १०० पैकी ५० आणि वर तीन वर्षांचा कामाचा अनुभव. पन्नास म्हणजे सोपं वाटतं, पेपर हातात आला की वाटत नाही. माझे काही माफ झाले, चार उरलेत, त्यातला एक जूनमध्ये. ही पदवी बऱ्याच देशांत चालते. पण आपल्याकडे कंपनीच्या ऑडिटवर सही करायचा अधिकार भारतातल्या सीए संस्थेच्या सभासदालाच. परत आले तर पुण्या-नागपुरात हिशेबाची चांगली नोकरी मिळू शकेल. वरुडच्या बसस्टँडसमोर सीएचा बोर्ड लावता येणार नाही.

इथल्या नोकरीचंही खरं सांगते. ४१ अर्ज, ५ ऑनलाइन परीक्षा, २ मुलाखती. एकीचा नकार आला, रात्री साडेअकराला, मशीनने पाठवलेला. दुसरीचं उत्तर यायचंय. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं राहून काम करता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळणार, माझा अर्ज त्याआधी जाईल. त्या मुदतीत व्हिसा देणारा मालक मिळाला तर ठीक, नाहीतर मी घरी.

आणि कर्ज. दिवाळीत मी तुम्हाला २० लाख सांगितले ते नुसतं मुद्दल. हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षाने, सप्टेंबर २०२७ ला लागतील, पण व्याज आजही चढतंय. ती ओळ मीच गाळली होती. घाबरले होते, दुसरं काही नाही. दादा म्हणाला तुम्ही धुऱ्याकडचं दीड एकर विकायला काढायच्या गोष्टी करता. नका काढू. निदान पुढच्या पाडव्यापर्यंत कोणाजवळ तोंडही उघडू नका.

आंबिया बहाराची संत्री आता गोटीएवढी झाली असतील. गळ कशी आहे? ऊन फार वाढलं असेल तर आईला दुपारी बगीच्यात जाऊ देऊ नका.

असाइनमेंट २४ तारखेला द्यायची आहे आणि ती टीप लिहायची राहिली आहे. त्यासाठी आईला विचारून कळवा, रात्रीची लाईट असायची तेव्हा ती किती वाजता उठायची आणि बॅटरी कोण धरायचं. मला आठवतं त्याप्रमाणे मीच धरायचे. तसं असेल तर माझेही थोडे रोज निघतात.

तुमची,
सोनी