रेंज असूनही कॉल का लागत नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणात व्हिडिओ कॉल अडकला की सगळे एकच कारण सांगतात : रेंज नाही. पुष्कळदा ते खरेही असते. पण गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एका धर्मादाय संस्थेच्या व्हिडिओ सल्ला-सेवेचे जे झाले, त्यात रेंजचा काही दोष नव्हता.

मी गुहागर तालुक्यात नेटवर्कची कामे करतो. घरोघरचे राउटर, पतसंस्थांचे कॅमेरे, शाळांचे वायफाय. या संस्थेमुळे वाडीतल्या पेशंटला मोबाइलवरून मुंबईच्या तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलता येते. एरवी चिपळूण गाठायचे तर एसटीत अख्खा दिवस मोडतो, म्हणून ही सोय फार मोलाची आहे. मात्र महिनाअखेर आली की कॉल लागेनासे होत. पडद्यावर नुसते ‘जोडत आहे’. कार्यालयातून सांगत, जरा उंचावर जाऊन बघा. पाय सुजलेल्या एका आजींना नातवाने भर पावसात सड्यावर नेले. तिथे फुल रेंज होती. तरी कॉल लागला नाही.

मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपी पत्त्याआड, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्याआड, अनेक ग्राहक ठेवतात. त्यामुळे दोन फोनना एकमेकांपर्यंत थेट वाट सापडेलच असे नाही. ती सापडली नाही की मध्ये रिले सर्व्हर लागतो, त्याला टर्न सर्व्हर म्हणतात. इकडचे चित्र आणि आवाज घेऊन तो पलीकडे पोचवतो. हे काम खर्चाचे आहे. दोन्ही बाजूंनी सेकंदाला एक मेगाबिट धरले, तरी तासाभराच्या एका कॉलसाठी सुमारे ९०० एमबी डेटा त्या सर्व्हरमध्ये येतो आणि तेवढाच बाहेर जातो. म्हणून टर्नला यूजरनेम आणि पासवर्ड लावतात.

या संस्थेच्या वेबपानात तो पासवर्ड कायमचा लिहून ठेवलेला होता. कॉल जोडायचा तर तो ब्राउझरला द्यावाच लागतो, आणि ब्राउझरला जे मिळते ते पान उघडणाऱ्या कोणालाही पाहता येते. संस्थेने सांगितले म्हणून मी रिलेचा लॉग, म्हणजे त्याच्या वापराची नोंद, तपासला. ओपीडी बंद असताना, मध्यरात्रीसुद्धा, त्याच एका नावाने परदेशी पत्त्यांवरून वाहतूक चालू होती. रिलेचा महिन्याचा डेटा त्यातच संपायचा, म्हणून महिनाअखेर कॉल लागत नसत. घरी फायबर असलेल्यांचे कॉल बहुतेक वेळा थेट लागत, हाल झाले ते फक्त मोबाइलवर भिस्त असलेल्या खाडीपलीकडच्या वाड्यांचे. पेशंटचे बोलणे मात्र कोणी ऐकले नाही, एवढे सांगतो. चित्र आणि आवाज ब्राउझरच कूटबद्ध करून पाठवतो, रिलेला तो उलगडता येत नाही.

संस्थेला ही सेवा पुरवणाऱ्या पुरवठादाराने काय केले? पासवर्ड बदलला आणि नवा पुन्हा त्याच पानात ठेवला! याचा मला संताप आला, कारण हा दोष काही आज सापडलेला नाही. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संघटनेच्या आरएफसी ७३७६ या दस्तऐवजात तो २०१४ सालीच नोंदलेला आहे. उपायाचा मसुदा तर २०१३ चा, आणि सर्रास वापरला जाणारा कोटर्न हा मोफत सर्व्हर तो उपाय जाणतो. पेशंटने लॉगिन केले की वेब सर्व्हर, म्हणजे सेवेचे पान पाठवणारा संगणक, त्याला तात्पुरते यूजरनेम देतो, त्यातच मुदत संपायची वेळ असते. पासवर्ड म्हणजे त्या नावावर गुप्त किल्लीने केलेली सही. किल्ली फक्त वेब सर्व्हर आणि रिले या दोघांकडे. कोणी नावातली वेळ पुढे ढकलली तर सही जुळत नाही, आणि मुदत टळली की पासवर्ड बाद. पासवर्डांची यादीसुद्धा कुठे ठेवावी लागत नाही.

आता अनेक संस्था अशा सेवा घेऊ लागल्या आहेत. त्यांनी करारातच लिहून घ्यावे की रिलेचा पासवर्ड लॉगिननंतरच मिळेल आणि तास-दोन तासांत बाद होईल. एका पेशंटला किती जोडण्या, यालाही मर्यादा हवी. रिलेमधून संस्थेच्या आतल्या संगणकांकडे जाण्याची वाट बंद हवी. हे हमखास विसरले जाते, आणि मग पेशंटच्या नोंदी ठेवलेल्या संगणकापर्यंत बाहेरचा माणूस येऊ शकतो. पासवर्डची मुदत वेळेवरच ठरते, म्हणून वेब सर्व्हर आणि रिले या दोन्हींची घड्याळे बरोबर चालतात ना, तेही पाहावे. यातले बहुतेक सारे सेटिंगचे काम आहे, नव्या खरेदीचे नाही. खर्चाला कंटाळून रिलेच बंद करू, असे मात्र कोणी म्हणू नये. मोबाइलवरच्या पुष्कळ पेशंटना दुसरी वाटच नाही.

तोवर एक साधी तपासणी करता येईल. आपल्या सेवेचे पान जाणकाराकडून आज आणि पुन्हा दोन दिवसांनी उघडून घ्यावे. रिलेचा पासवर्ड दोन्ही वेळा तोच दिसला, तर पुरवठादाराला लगेच फोन करावा.

आपला,
एक नेटवर्क तंत्रज्ञ
ता. गुहागर, जि. रत्नागिरी