तारा कोण बसवणार, तेही पाटीवर लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाशी, कोपरखैरणे, घणसोली, कुठल्याही सेक्टरमध्ये फिरा, मेडिकलच्या दुकानाशेजारी दातांचा दवाखाना दिसतोच. पाटीवर रूट कॅनल, इम्प्लांट, ब्रेसेस, अलाइनर अशी भलीमोठी यादी असते. ब्रेसेस, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तारा, नेमक्या कोण बसवणार, याचा मात्र पत्ता नसतो.

दातांचे डॉक्टर बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाचे पदवीधर, असतात. त्यापुढे तीन वर्षे ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी केली, की ऑर्थोडॉन्टिस्ट. नुसते ‘एमडीएस’ वाचून भागत नाही, कारण हिरड्यांचे एमडीएस वेगळे, रूट कॅनलचे वेगळे. ‘कशात?’ हे विचारावेच लागते आणि विचारले की रिसेप्शनवरची मुलगी आपल्याकडे असे बघते, जणू आपण जात विचारली!

बऱ्याच ठिकाणी ऑर्थोडॉन्टिस्ट ‘व्हिजिटिंग’ असतात, ठरल्या दिवशी येतात. त्यात गैर काही नाही. तारांची तपासणी साधारण चार ते सहा आठवड्यांनीच होते. पण उपचार दीड-दोन वर्षे चालतो आणि तेवढा काळ तेच डॉक्टर राहतील, याची हमी कोण देणार? माझ्या मुलीचे डॉक्टर मध्येच बदलले. नव्या डॉक्टरांनी सुरुवातीचे फोटो आणि दातांचे साचे मागितले, तर दवाखान्यात एकही सापडेना. खर्चाचा अंदाज मिळाला होता तोही व्हिजिटिंग कार्डाच्या मागे, पेनाने लिहिलेला एक आकडा. एक्स-रे, दाढा काढणे, दातावर तार धरणारे ब्रॅकेट तुटले तर पुन्हा चिकटवणे, सगळे नंतर ‘एक्स्ट्रा’ निघाले. रिटेनरसुद्धा! तारा काढल्यावर दात जुन्या जागी सरकू पाहतात, म्हणून त्यांना जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लागतोच. मग तो उपचाराबाहेरचा कसा?

वयाबद्दलही घोळ आहे. ‘दुधाचे सगळे दात पडू देत, मग बघू’ असे घरोघरी ऐकू येते. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा म्हणते. त्या वयात बहुतेकांना तारा लागत नाहीत, पण जबड्याच्या वाढीतला दोष असेल तर तो वेळेत कळतो.

सरळ रस्ता खरे तर आपल्या दारातच आहे. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम, एवढी दंत महाविद्यालये या पट्ट्यात आहेत. ठाणेकरांनाही ट्रान्स हार्बरने नेरूळ गाठता येते. तिथे एमडीएस करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त जातो, नंबर लावून बसावे लागते. खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो आणि कागदपत्रे नीट राहतात. तरीही सोसायटीत कुणी दातांच्या डॉक्टरचे नाव विचारले, की सगळे कोपऱ्यावरच्या दवाखान्याकडेच बोट दाखवतात.

राज्य दंत परिषदेने एवढे तरी सक्तीचे करावे: तारा लावणाऱ्या डॉक्टरांचे नाव, पदवीचा विषय आणि नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावावा, उपचाराआधी रिटेनरसकट खर्चाचा कागद सहीनिशी हातात द्यावा. आणि आपण ठाणे-नवी मुंबईच्या पानावर या महाविद्यालयांतील ऑर्थोडॉन्टिक्स विभागांच्या ओपीडीच्या वेळा छापल्यात, तर पालकांची बरीच पायपीट वाचेल.

आपली,
एक पालक, कोपरखैरणे