व्हायवाला (तोंडी परीक्षेला) आम्हालाही बोलवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजची मुलं सर्व्हे करायला येतात त्याबद्दल हे पत्र आहे, तक्रार म्हणा नाहीतर सूचना म्हणा. मी घरून शिवणकाम करते, म्हणजे दिवसा हमखास घरी सापडणारं माणूस, त्यामुळे गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीत जेवढे सर्व्हे झाले त्या प्रत्येकात मी आहे. पाण्याचा झाला, कचऱ्याचा झाला, कर्जाचा झाला, एकदा 'महिलांचा निर्णय प्रक्रियेतील सहभाग' असाही झाला, त्यात पोरीने विचारलं घरातले निर्णय कोण घेतं, मी म्हटलं सध्या तरी तुझे प्रश्न संपेपर्यंत तूच.

मुलं गोड असतात, त्यांच्यावर राग नाही. फॉर्म भरून घेतात, थँक्यू काकू म्हणतात, एक फोटो काढतात (रिपोर्टला लागतो म्हणे) आणि जातात ते कायमचे. आजपर्यंत एकही ग्रुप परत येऊन आम्हाला काय सापडलं ते सांगून गेला नाही.

मग गेल्या वर्षी गंमत झाली. माझ्या पुतणीला असाच प्रोजेक्ट होता आणि तिच्या गाईडने नमुना म्हणून जुन्या बॅचचा एक रिपोर्ट दिला, स्पायरल बाइंडिंग वगैरे केलेला, ती तो घरी घेऊन आली तर तो आमच्याच गल्लीचा निघाला! मी त्यात 'उत्तरदाता क्र. 27' आहे. वय बरोबर लिहिलंय. पण मी तेव्हा पाण्याबद्दल वीस मिनिटं बोलले होते, की सकाळचं पहिलं पाणी पिवळं येतं, ते सोडून द्यावं लागतं, टोकाच्या घरांना तर तेवढंही मिळत नाही, त्या सगळ्याचं रिपोर्टात झालंय 'अंशतः समाधानी'. एकूण 50 घरं घेतली होती आणि एका पाय चार्टवर लिहिलंय 33.33 टक्के. आता 50 जणांत एक माणूस म्हणजे 2 टक्के, हे मला कापड मोजता मोजता कळतं, मग हे 33.33 आलं कुठून? पुतणी म्हणाली काकू, काहींनी उत्तर दिलं नसेल. असेल बाई, मग तसं लिहायचं ना.

आणखी एक. सर्व्हे झाला कामाच्या दिवशी सकाळी अकराला. त्या वेळी घरी कोण असतं तर म्हातारी माणसं, लहान मुलं आणि माझ्यासारख्या चार बायका. म्हणजे 'आर्थिक स्थिती' हे अख्खं प्रकरण, बाहेर जाऊन कमावणारं एकही माणूस न भेटता लिहिलं गेलं. त्यात शेजारच्या बाईंनी उत्पन्न कमी सांगितलं कारण त्यांना वाटलं काहीतरी योजना येतेय, आणि समोरच्यांनी जास्त सांगितलं कारण पोरीसमोर कमीपणा नको. आम्हाला सगळ्यांना हे माहीत आहे. तो रिपोर्ट गल्लीत कुणी पाच मिनिटं वाचून दाखवला असता ना तर तिथल्या तिथे हशा झाला असता आणि चुकाही दुरुस्त झाल्या असत्या. परत येणं हे आमच्यावर उपकार म्हणून मागत नाहीये मी, त्याशिवाय अभ्यासच खरा होत नाही असं म्हणणं आहे.

पुतणीच्या नादाने मीही वाचायला लागले. अमेरिकेत फ्लिंट म्हणून शहर आहे, तिथे एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि नळाला रंगीत, वासाचं पाणी यायला लागलं, लोक ओरडत होते आणि अधिकारी पाणी सुरक्षित आहे म्हणत होते. ली-अ‍ॅन वॉल्टर्स नावाच्या एका आईने व्हर्जिनिया टेक या विद्यापीठातल्या मार्क एडवर्ड्स या प्राध्यापकांना गाठलं, आणि 2015 मध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांनी 300 किट बांधून पाठवली. प्रत्येकात तीन बाटल्या, एक रात्रभर पाइपात साचलेल्या पहिल्या पाण्याची, दुसरी नळ थोडा वेळ सोडल्यावरची, तिसरी त्याच्याही नंतरची. किट घरोघर वाटली आणि गोळा केली ती तिथल्याच रहिवाशांनी. माझं ते 'सकाळचं पहिलं पाणी' होतं ना, तेच, फक्त इथे ऐकून सोडून दिलं आणि तिथे बाटलीत भरलं. पाण्यात शिसं सापडलं, निकाल जाहीरपणे लोकांसमोर ठेवले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहराला जुन्या स्रोताकडे परत जावं लागलं.

दुसरं उदाहरण जुनं आहे. ऑस्ट्रियात मारिएनथाल गावात गिरणी बंद पडून जवळजवळ सगळं गाव बेकार झालं होतं, 478 कुटुंबं, तिथे 1931-32 च्या सुमारास व्हिएन्नाहून तरुण संशोधकांची टीम गेली, त्यातली मारी याहोदा तर पंचविशीचीही नव्हती. त्यांचा नियम असा की नुसतं बघायला म्हणून कुणी जायचं नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगाचं काहीतरी करायचं. कपडे वाटले, डॉक्टरी सल्ला दिला, कपडे बेतायचे वर्ग घेतले (हे वाचून मला किती बरं वाटलं!) आणि ते करता करता माहिती मिळत गेली. रस्त्यावर माणसं किती वेगाने चालतात हेसुद्धा त्यांनी मोजलं, तर बेकार पुरुष हळू चालायचे, सारखे थांबायचे, आणि बायका लगबगीने, कारण त्यांचं घरकाम काही बंद पडलं नव्हतं. आता हे 'पूर्णपणे, अंशतः, नाही' अशा तीन चौकटींत टिक करून कधी कळलं असतं का?

पुतणीची बाजूही सांगते, नाहीतर ती बोलणार नाही माझ्याशी. तिचं म्हणणं सेमिस्टर संपतं, सबमिशनची तारीख डोक्यावर असते, एका गाईडकडे इतके ग्रुप की त्यांना नावंसुद्धा आठवत नाहीत, मार्क असतात ते वेळेत देण्याला, बाइंडिंगला आणि कॉपी नाही ना याला. परत जाण्याला शून्य मार्क. मग कोण जाईल? तिचंही बरोबर आहे, म्हणून तर पत्र मुलांना न लिहिता तुमच्याकडे पाठवतेय, कॉलेजं चालवणारे वाचतील म्हणून.

माझी सूचना एकच आहे. ज्या प्रोजेक्टसाठी लोकांना प्रश्न विचारले त्याची व्हायवा त्या लोकांसमोर घ्या, त्यांच्याच वस्तीत, संध्याकाळी माणसं कामावरून आल्यावर. बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारतातच, दोन प्रश्न आम्हीही विचारू. यावर एक सर मला म्हणाले लोकांना त्यातलं काय कळणार. त्यांच्यासाठी ही गोष्ट. अमेरिकेत हावासुपाई नावाचे आदिवासी आहेत, ग्रँड कॅन्यन या खोल दरीच्या तळाशी राहतात, त्यांचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून 1990 पासून एका विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतलं होतं. 2003 मध्ये त्यांच्यातलीच एक बाई, कार्लेटा टिलूसी, एका पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या सादरीकरणाला जाऊन बसली आणि तिच्या लक्षात आलं की तेच रक्त भलत्याच विषयाला वापरलंय, तर तिने उठून विचारलं की याची परवानगी घेतली होती का? प्रकरण कोर्टात गेलं, 2010 मध्ये 7 लाख डॉलरवर तडजोड झाली आणि उरलेले नमुने परत करावे लागले. तेव्हा लोकांना काय कळतं ते लोक समोर बसल्याशिवाय कळत नाही सर.

आमच्यासमोर वाचलं तर आम्हालाही ऐकून घ्यावं लागेल हे मला माहीत आहे. कचऱ्याच्या सर्व्हेत बहुतेकांनी ओला-सुका वेगळा करतो असं ठोकून दिलंय, त्यात मीही आहे.

मागच्या आठवड्यात दोन मुली आल्या होत्या, या वेळी सांडपाण्याचा विषय. मी म्हटलं उत्तरं देते पण व्हायवा कधी ते कळवायचं. एकीने फॉर्मच्या मागे माझा नंबर लिहून घेतला. दुसरी हसत होती.

आपली,
उत्तरदाता क्र. 27