स्वयंपाकघरातला नळ बदलायचं मी ठरवलंय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

नवा नळ घेऊन झालाय आणि प्लंबरलाही सांगितलंय, तो गुरुवारी सकाळी येईल. तुम्हाला न विचारता ठरवलं, कारण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते वायसर टाकला की झालं, आणि आई म्हणाली असती माझं काही अडत नाही. अडतंय गं आई. दिवाळीत बघत होते ना मी, पदराचा बोळा धरून दोन्ही हातांनी नळ पिळायचीस आणि मग अंगठ्याच्या मुळाशी चोळत बसायचीस. डॉक्टरांनी ओले कपडे पिळायचे नाहीत म्हणून बजावलंय, मग दिवसभर हा नळ पिळणं त्यात येत नाही का?

बाबा, वायसर तुम्ही याआधीही बदललाय, थोडे दिवस बरा चालतो, नाही असं नाही. पण आपलं बोअरचं पाणी, बादलीला जो पांढरा थर बसतो तोच आत फिरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या, आट्यांवर बसतो, त्यात आई एक थेंब गळू नये म्हणून नळ इतका आवळते की रबर दबून कडक होतं, मग पाणी बंद व्हायला आणखी जोर लागतो, की पुन्हा तेच. तिला बोल लावत नाहीये मी. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथे जिने घर चालवलं, तिचा हात नळ सैल सोडणारच नाही. लहानपणी मी हात धुताना नळ चालू ठेवला की मागून यायचीस, माझ्या हातावर हात ठेवून बंद करायचीस, तुझ्या बोटांना कोथिंबिरीचा वास असायचा. तेच हात दुखताना बघवत नाही गं.

नव्या नळात रबर दाबायचं कामच नाही. आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात, दोन्हींना भोकं, दांडी पाव फेरा फिरवली की भोकं समोरासमोर येतात नि पाणी सुरू, उलटी फिरवली की बंद. जोर लावून तो जास्त बंद होत नाही, त्यामुळे आई, हलक्या हाताने फिरव, गळणार नाही. हात कणकेचे असले तर मनगटाने ढकललीस तरी चालेल. आणि लांब मानेचाच घेतलाय, तुझं मोठं पातेलं, कुकर सगळं खाली नीट बसेल, फिरवून दोन्हीकडे नेताही येतो.

आता बाबा, नीट ऐका. पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायला गच्चीवर टाकीपाशी तुम्ही चढायचं नाही, प्लंबरच्या पोराला चढू दे, बीपीच्या गोळीने तुम्हाला चक्कर येते हे विसरू नका. तो येण्याआधी पक्कड घेऊन जुना नळ सोडवायला जाऊ नका, आतला पाइप जुना आहे, पिळला गेला तर भिंत फोडावी लागेल. नवा बसवायच्या आधी लाइनमधून दोन बादल्या पाणी सोडायला लावा (झाडांना घाला, वाया जाणार नाही), टाकीतली रेती चकत्यांमध्ये गेली तर त्यांना ओरखडे पडतात. तोंडाची जाळी क्षाराने भरली तर काढून व्हिनेगरमध्ये भिजत घालायची, संडासचं ॲसिड अजिबात नाही, पॉलिश जाईल.

जुना पितळी नळ मात्र टाकून द्यायचा नाही, प्लंबरला तर मुळीच द्यायचा नाही. घर बांधलं तेव्हा तुम्ही स्वतः निवडून आणलेला आहे तो. सावकाश टेबलावर बसून उघडा, क्षार काढा, नवा वायसर टाका, आट्यांना नळाचं सिलिकॉन ग्रीस लावा, खोबरेल नको, आणि मागच्या अंगणात बसवा, तिथला प्लास्टिकचा तसाही गळतोय. ते काम तुमच्याइतकं नीट कुणी करणार नाही.

पैशाचं काही विचारू नका. आई, गुरुवारी रात्री फोन करते, मनगट कसं आहे ते खरं सांग, आणि तोवर भांडी बाईंनाच घासू दे.

तुमची,
ताई