बातमी जागलीवर आली

प्रिय बेटा,
प्रभूमध्ये सलाम.

येशूच्या जन्माची पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलात कुठे आहे, असं होस्टेलातल्या पोरींनी विचारलं आणि तुला उत्तर सुचलं नाही, असं आई सांगत होती. अगं, नाहीच लिहिलेलं. या तारखेची रोममधली जुनी नोंद इ.स. 336 ची आहे. आर्मेनियाची मंडळी आजही 6 जानेवारीला जन्मोत्सव पाळते. लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात गव्हाणीपाशी गाय-गाढव नाही, आणि मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, तीनच होते असं मत्तय त्याच्या चरित्रात कुठे म्हणत नाही. यावर भांडत बसू नको.

सांगायचंच तर जन्माची बातमी आधी कोणाला मिळाली, ते सांग. रोमच्या औगुस्त कैसराने नावनिशी लिहायचा हुकूम काढला, म्हणून योसेफ नासरेथहून बेथलेहेमला आला. सोबत त्याची वाग्दत्त वधू, गरोदर मरीया. उतारशाळेत जागा नाही. लेकरू बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. देवदूत मात्र ना हेरोद राजाच्या वाड्यावर गेला, ना यरुशलेमेच्या याजकांकडे. तो गेला रानात रात्रीचा कळप राखणाऱ्या मेंढपाळांकडे. आपल्याकडे रानडुकरांपायी हरभऱ्याच्या वावरात जागलीला बसतात ना, तशी ती माणसं.

माणूस पुण्य साठवून देवापर्यंत पोचत नाही, म्हणून देवच माणूस होऊन आला, हा आपला विश्वास. येशूचं चरित्र लिहिणारा योहान म्हणतो, शब्द देही झाला. त्या देहाला भूक लागली, तो नावेत झोपी गेला, मित्र लाजाराच्या कबरेपाशी रडला आणि क्रुसावर मेला. गुड फ्रायडे बाजूला ठेवला तर नाताळात नुसतं गोंडस बाळ उरतं. मग सांताक्लॉजही चालतो.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मरीयेचं गीत, लूकच्या पहिल्या अध्यायातलं. लहानशा गावातली, लग्न ठरलेली पोर. अन् गाते काय, तर देवाने अधिपतींना आसनांवरून ओढून काढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हातांनी लावून दिलं! पडलेल्या भावात कापूस घालून परतणाऱ्याला हे फार गोड लागतं. पण धनवान म्हणजे नेहमी दुसराच, असं नाही बरं. वेचणीच्या बायांची मजुरी आपण अडवून ठेवली, तर ती ओळ आपल्यावरही येते. म्हणून त्यांचा हिशेब नाताळाआधी चुकता करायचा, हे तुझ्या आजोबांपासून चालत आलंय.

संडेस्कूलचं नाटक यंदा माझ्याकडे आहे. हे गीत घ्यावं असं माझ्या मनात आहे. पाळकसाहेब म्हणतात, पोरांना पाठ होणार नाही. तू चोवीसच्या आधी ये, चाल तूच बसवून दे. आईच्या करंज्या अजून व्हायच्या आहेत, त्यातही तुझा हात लागेल.

तुझा,
बाबा